फोटोत सगळ्यांचेच डोळे किलकिले!

प्रश्न : १९७४च्या मे महिन्यात आजोळच्या अंगणात काढलेले चौकोनी कृष्णधवल फोटो सापडले. आम्हा सगळ्या मामे-मावसभावंडांचे डोळे किलकिले. असं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तो कॅमेरा बहुधा आग्फा क्लिक थ्री! आमच्या मामाकडेही तोच होता. शटरचा वेग एकच, म्हणून लख्ख ऊन हवं. फोटो काढणारा सूर्याकडे पाठ करून उभा आणि ऊन थेट तुमच्या तोंडावर. रोलमध्ये फोटो बाराच. त्यामुळे मामा ‘हलू नका रे!’ म्हणून ओरडायचा, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फणसाचा गरा तोंडात कोंबायचा. (आमच्याकडे तो मान माझा.)

ते फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील, तर मात्र बाहेर काढा. ओढू नका, खालून बारीक दोरा सरकवत सोडवा. मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन नको.