लक्ष कुठंय तुमचं?

यावेळी पत्रांच्या ढिगात निम्मी पत्रं एकाच दुखण्याची निघाली, चारचौघांत बोलायची भीती. त्यातली तीन घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकलाय, बाकी भाषा ज्याची त्याची.

प्रश्न: ताई, वय 26, मूळ गाव बार्शी, तीन वर्षं झाली पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काम जमतं, प्रॉब्लेम माणसांचा आहे. रोज सकाळी साडेदहाला टीमचा कॉल असतो, प्रत्येकाने काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं, एक मिनिट, बास. पण माझ्या आधी चार जण बोलत असतात तेव्हा मी मनात माझीच वाक्यं घोकत असतो, छाती धडधडते, कान गरम होतात आणि नंबर आला की आवाज असा निघतो की कोणी गळा धरलाय. कॅमेरा बंदच ठेवतो. कॅन्टीनला जात नाही, डबा डेस्कवरच खातो. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलो होतो तर मामी म्हणाली, "पुण्याला जाऊन फार भाव खायला लागलास रे." भाव कसला खातोय, घाम पुसत होतो. मित्र म्हणाला फोकस वाढव, मेडिटेशन कर. तीन महिने ॲप लावून करतोय, घरी छान वाटतं, पण कॉलमध्ये श्वासावर लक्ष द्यायला गेलो की अजूनच गुदमरतो. माझं काय चुकतंय?

उत्तर: अरे, फोकस कमी कुठाय तुझा? चार माणसं कामाचं बोलतायत आणि तू आपल्याच कानाचं तापमान मोजत बसलायस, अशा माणसाचा फोकस जबरदस्तच म्हणायचा. मला सांग, कालच्या कॉलमध्ये तुझ्या आधीचा माणूस काय बोलला? आठवत नसणार. कारण तू तिथे नव्हतासच, तू तुझ्या छातीत होतास.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली नेमकं हेच मांडलं. माणूस घाबरला की त्याचं लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर येतं. मग आत धडधड, घाम, कोरडा घसा असं जे जे सापडेल ते तो पुरावा म्हणून धरतो, मला एवढं जाणवतंय म्हणजे सगळ्यांना दिसतच असणार. समोरचा प्रत्यक्षात काय करतोय, जांभई देतोय की मान डोलावतोय, हे बघायला लक्ष उरलेलंच नसतं, त्यामुळे आपला अंदाज चुकला हे कधी कळतच नाही. वर्षानुवर्षं लोकांत वावरूनही भीती तशीच राहते ती यामुळे. तुला कोणी कोणी म्हणालं असेल की "चार लोकांत मिसळ म्हणजे जाईल". नुसतं मिसळून नाही जात रे, मान खाली घालून शंभर लग्नांना गेलास तरी शंभराव्या लग्नात तू कोपऱ्यातच असशील.

लोकांना खरंच किती दिसतं याची एक मजेशीर चाचणी कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी केली, 2000 साली छापून आली. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावला आणि भरलेल्या खोलीत पाठवलं. त्याला विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? अशा विद्यार्थ्यांचा अंदाज निघाला साधारण निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम चौथा हिस्सा. आणि तो छातीवर छापलेला चेहरा होता, तुझे तर फक्त कान गरम होतायत.

आता श्वासाचं. मेडिटेशन वाईट नाही, घरी चालू ठेव. पण कॉलमध्ये श्वासावर लक्ष म्हणजे पुन्हा आतच ना! आधीच जो माणूस आत बघून बघून बेजार झालाय त्याला आपण सांगतोय अजून आत बघ. गुदमरणारच. तुला लक्ष बाहेर न्यायची सवय लागायला हवी, आणि ती रियाजासारखी लावावी लागते, म्हणजे आधी घरी आणि मग मैफलीत.

घरचा रियाज असा. वेल्स यांनी 1990 मध्ये कानाने करायची एक पद्धत काढली, साधारण बारा मिनिटांची. खुर्चीत बस, नजर समोर एका ठिकाणी. आजूबाजूचे आवाज हेर, पंख्याची कुरकुर, शेजारचा मिक्सर, खालून जाणारी रिक्षा, कुठेतरी कुकर, लांब कुत्रं. पहिली पाच मिनिटं एकेक आवाज पकडून त्याच्याशीच राहायचं, बाकीचे ऐकू आले तरी त्यांच्या मागे जायचं नाही. पुढची पाच मिनिटं भराभर उड्या, पंखा, रिक्षा, मिक्सर, परत पंखा. शेवटची दोन मिनिटं सगळे एकदम ऐकायचा प्रयत्न. मध्येच मनात येईल की उद्याचा कॉल, येऊ दे, तोही एक आवाजच समज. एक मात्र, हे शांत वाटावं म्हणून करायचं नाही आणि भीती वाटायला लागली की तेवढ्यापुरतंही वापरायचं नाही. लक्ष आपल्या सांगण्याने हलतं एवढं अंगवळणी पडण्यासाठी हा व्यायाम आहे.

दुसरा टप्पा रूममेटबरोबर. नेदरलँड्समधल्या सुझन बोगेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत. दोघं पाठीला पाठ लावून बसा, त्याने दोन मिनिटं काहीही सांगायचं, गावची जत्रा, बाईक कशी बंद पडली, काहीही. मग तू ते थोडक्यात परत सांगायचं आणि प्रामाणिकपणे आकडा द्यायचा, माझं लक्ष किती टक्के त्याच्या बोलण्यावर होतं, किती स्वतःवर, किती इकडेतिकडे. मग तेच समोरासमोर बसून, मग त्याला मुद्दाम तुझ्या दुखऱ्या विषयावर बोलायला लाव, ऑफिस, लग्न, मामी. आकडे घसरतील. घसरले की परत गोष्टीवर यायचं. हे परत येणंच शिकायचंय, शंभरदा घसरलं तर शंभरदा यायचं, त्यात नापास होण्यासारखं काही नाही.

मग कॉल. वाक्यं घोकणं बंद. हे ऐकून पोटात गोळा आला असेल, पण घोकणं, कॅमेरा बंद ठेवणं, मोबाईलमध्ये डोकं घालणं या सगळ्या कुबड्या आहेत. वाटतं यांनी वाचवलं, आणि त्यांच्यामुळेच कधी कळत नाही की कुबडीशिवायही पडलो नसतो. एका कागदावर तीन शब्द लिहून ठेव, काल, आज, अडचण. आधीचे चार जण बोलतील तेव्हा प्रत्येकाचं एक काम कागदावर टिपून घे आणि त्यातल्या एकाला कॉलनंतर एक खरा प्रश्न विचार. आठवड्यातून एकदा कॅमेरा चालू. आणि एकदा फोनवर स्वतःला बोलताना रेकॉर्ड कर. बघायच्या आधी लिहून ठेव की काय काय दिसेल, लाल कान, थरथरता आवाज, सगळं. मग असं बघ की हा कोणी तिऱ्हाईत आहे. क्लार्क यांच्या उपचारात हे आवर्जून करतात, आणि बहुतेकांना पडद्यावर दिसणारा माणूस मनातल्या माणसापेक्षा बराच बरा निघतो.

आणि आत्मविश्वास आल्यावर बोलेन असं ठरवू नकोस, तो नंतर येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, ज्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, ते स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला थरथर कापायचे. एकोणिसाव्या वर्षी ते महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बसले. ते स्वतःच सांगायचे की 130 जणींच्या बाकावर जाऊन बसले, 30 उठून गेल्या, उरलेल्या 100 जणींशी बोलले, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण भीती गेली. (तू सारसबागेत हा प्रयोग करू नकोस, मार खाशील. कॅन्टीनमध्ये एका टेबलावर जाऊन "इथे बसू का?" एवढं विचारलंस तरी चालेल.)

दोन-तीन महिने नेटाने करूनही फरक नाही पडला, किंवा भीतीपायी प्रमोशन नाकारणं, कार्यक्रमाआधी दोन पेग लावणं असं काही सुरू झालं, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या त्रासावर उपचार आहेत, औषधंही आहेत. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय 43, मिरज तालुक्यात राहते. आमच्या बचत गटाची मी यंदा सचिव झाले. हिशोब मला तोंडपाठ असतो पण बँकेत काउंटरवर सही करायची म्हटलं की हात असा थरथरतो की पेन धरवत नाही. मागे रांग असते. मी पेन घट्ट दाबून धरते तर जास्तच होतं. परवा सही जुळत नाही म्हणून परत करायला लावली, तेव्हापासून अध्यक्षबाईंनाच पुढे करते. घरी हात अजिबात कापत नाही. मंत्र किंवा उपाय सांगा.

उत्तर: ताई, घरी कापत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. घरी एकटं असतानाही कापत असता तर आधी डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड वगैरे बघा म्हणाले असते.

पेन दाबू नका. स्नायू आवळला की थरथर वाढते, हे आत्ताच करून बघा, कप गच्च धरा आणि डोळे हातावर लावा, आणि मग तोच कप सैल धरून खिडकीबाहेर काय वाळत घातलंय ते मोजा. फरक कळेल. काउंटरवर तुमचं लक्ष दोनच ठिकाणी असतं, एक हातावर आणि दुसरं मागच्या रांगेच्या डोळ्यांवर, जी रांग बहुतेक आपापल्या पासबुकात नाहीतर मोबाईलात असते. एकदा मागे वळून खरंच बघा, किती जण तुमच्या हाताकडे बघतायत ते मोजा आणि घरी येऊन लिहून ठेवा. मग सही करताना लक्ष शाईच्या रेघेवर, पहिलं अक्षर, त्याची वेलांटी, पुढचं अक्षर. हाताला काय वाटतंय ते त्याचं तो बघेल.

आणि एक उपाय सांगते तो विचित्र वाटेल. गटाच्या बैठकीत हजेरी वहीत बायकांसमोर मुद्दाम हात थरथरवून सही करा, चांगली वाकडीतिकडी. बघा कोण काय म्हणतं. जी गोष्ट लपवायची धडपड चाललीय ती आपणच चव्हाट्यावर आणली की तिचा अर्धा दम जातो. फक्त चेकवर हा प्रयोग नको हं, ते लोक खरंच परत करतील! आणि अध्यक्षबाईंना पुढच्या खेपेला तुमच्या मागे उभं करा, पुढे नाही.

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, लाजाळू आहे, वर्गात हात वर करत नाही. व्हिडिओ बघून रोज रात्री अर्धा तास मेणबत्तीवर त्राटक करतो, म्हणतो याने नजरेत पॉवर येते आणि लोक दबतात. करू द्यावं का? (डोंबिवलीहून एक बाबा)

उत्तर: त्राटक, म्हणजे एका ठिकाणी एकटक बघत राहणं, जुनं आहे, हठप्रदीपिका या योगाच्या ग्रंथातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक. तिथे डोळ्यांचे विकार आणि आळस जातो असं म्हटलंय, लोक दबतात असं काही लिहिलेलं नाही. अर्धा तास मात्र फार झाला, डोळ्यांतून पाणी आलं की थांबायचं.

पण बाबा, त्याला लोकांना दबवायचंय याचा अर्थ लोक त्याला दबवतायत असं त्याला वाटतंय. ते आधी विचारा, आणि शाळा-क्लासमध्ये कोणी चिडवत नाही ना तेही. हा त्रास बऱ्याच जणांना तेरा-चौदाच्या आसपासच सुरू होतो, "मोठा झाला की सुटेल" म्हणून सोडून देऊ नका. मेणबत्ती काही उलट बोलत नाही, त्यामुळे तिच्याकडे बघायला सोपं. त्याला माणसांकडे बघायचं काम द्या. रोज किराणा आणायला पाठवा आणि आल्यावर विचारा, दुकानदाराच्या शर्टाचा रंग कुठला होता, तो आज कंटाळलेला होता की खुशीत, मागे रेडिओवर काय लागलं होतं. सुरुवातीला सांगता येणार नाही, कारण बघितलेलंच नसेल. चिडवू नका, दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला परत पाठवा. आणि झोपायच्या आधी ती मेणबत्ती विझलीय का, तेवढं तुम्ही बघा.