आयफेल टॉवरवर वर जाणं खरंच गरजेचं आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन चार दिवस पॅरिसला जाताय, आईंचे गुडघे दुखतात, बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, शेंड्यापर्यंतच्या लिफ्टची तिकिटं संपलेली दिसतायत. मग वर जाण्यात काही अर्थ आहे, की खालून फोटो काढून पुढे निघावं?

वर जा. फक्त शेंड्याचा नाद सोडा. दुसऱ्या मजल्यापर्यंत जा, आणि बाबांना जिन्याने न्या. तुम्ही बाबांचं वर्कशॉप लिहिलं नसतं तर कदाचित मी उत्तर लिहायला बसलोही नसतो.

मी बत्तीस वर्षं भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात काढली. प्लेट कापायची, भोकं पाडायची, जोडायचं, वाकलं तर शिव्या खायच्या, हाच धंदा. या टॉवरवर मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा एका टूरबरोबर. गाईडने लिफ्टमध्ये कोंबलं, दुसऱ्या मजल्यावर सोडलं, “चाळीस मिनिटांत इथेच या” म्हणाला. आम्ही कठड्याला टेकून पॅरिस बघितलं. छान आहे, नाही म्हणत नाही. सारख्या उंचीच्या करड्या छपरांच्या इमारती, मधून नदी, लांब टेकडीवर पांढरं चर्च. दहा मिनिटांत बघून होतं. उरलेला अर्धा तास मंडळी एकमेकांचे फोटो काढत होती आणि बायकोने आणलेल्या दशम्या खात होती.

दुसऱ्यांदा लेकीकडे गेलो होतो तेव्हा जिन्याने चढलो, आणि पहिल्या वेळी आपण काहीच बघितलं नव्हतं हे तेव्हा समजलं. वरून शहर बघायला या टॉवरवर जाऊच नये. शहर बघायचंय तर आर्क द त्रियॉम्फ या विजयकमानीच्या गच्चीवर जा. २८४ पायऱ्या आहेत, आणि तिथून पॅरिसबरोबर खुद्द टॉवरही दिसतो. टॉवरवर जायचं ते टॉवरच्या आत शिरायला.

आत शिरणं म्हणजे काय ते सांगतो. हा मनोरा पोलादाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. तो पोलादाचा नाही, लोखंडाचा आहे; भट्टीत ढवळून कार्बन काढून टाकलेलं, त्या काळचं घडीव लोखंड. एकूण १८,०३८ तुकडे आणि २५ लाख रिव्हेट, म्हणजे प्लेटा जोडणाऱ्या लोखंडी खिळी. वेल्डिंग नाही. आजच्या पोरांना रिव्हेट म्हटलं की जीन्सच्या खिशावरचं बटण आठवतं, पण तुमच्या बाबांना बरोबर कळेल. एका रिव्हेटमागे चार माणसं लागायची: एक भट्टीत तापवणार, दुसरा भोकात घालून धरून ठेवणार, तिसरा दुसऱ्या बाजूला डोकं घडवणार आणि चौथा घणाने ठोकणार. लाल रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन्ही प्लेटा एकमेकींवर आवळून धरतो. खरी पकड येते ती या आकसण्यातून. आपल्याकडचे रेल्वेचे जुने पूल असेच उभे आहेत.

जिन्याने जाताना हे रिव्हेट हाताच्या अंतरावर असतात. रांगाच्या रांगा, एका ओळीत, अंतरात फरक नाही. मी एका कोपऱ्यावर थांबून हात फिरवला तर मागून येणारी एक बाई “पार्दों, पार्दों” करत पुढे गेली. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला चक्कर आली.

मला सगळ्यात भारी वाटली ती या कामाची शिस्त. सगळे तुकडे पॅरिसला लागूनच असलेल्या लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात तयार व्हायचे. ड्रॉइंगमध्ये माप मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. साधारण पाच-पाच मीटरचे भाग कारखान्यातच जोडून साइटवर आणायचे, आणि एखादा बसला नाही तर साइटवर ठोकाठोकी नाही, तो परत कारखान्यात. (आमच्याकडे साइटवर गॅस कटर चालवून भोक “मोठं करून घेणं” ही रोजची गोष्ट होती. कोणत्या कंपनीत ते विचारू नका.) पाया खणायला सुरुवात जानेवारी १८८७ मध्ये, आणि ३१ मार्च १८८९ ला शेंड्यावर झेंडा. कॉम्प्युटर नाही, टॉवर क्रेन नाही, साइटवर दीडशे ते तीनशे माणसं. सव्वादोन वर्षंही लागली नाहीत. आमच्या इथला एक उड्डाणपूल किती वर्षं चालला होता ते लिहीत नाही, उगाच रक्तदाब वाढतो.

त्याहून अवघड भाग म्हणजे चार पाय. ते आत झुकत वर येतात आणि पहिल्या मजल्याच्या उंचीवर, म्हणजे ५७ मीटरवर, आडव्या गर्डरने एकमेकांना जोडायचे. भोकं जुळायला हवीत, इंचाचाही फरक चालणार नाही. यासाठी त्यांनी पायांखाली हायड्रॉलिक जॅक ठेवले होते आणि वरच्या आधारांत वाळू भरलेल्या पेट्या. पाय थोडा वर हवा तर जॅक, खाली हवा तर पेटीतली वाळू सोडायची. डिसेंबर १८८७ मध्ये चारही पाय जुळले. जिन्यावर जागोजागी माहितीचे फलक आहेत. दम खायला थांबाल तेव्हा ते वाचा. बाकीचे लोक त्यांच्याशेजारी उभे राहून फक्त धापा टाकतात.

आणि एक हिशोब. टॉवरचं नुसतं लोखंड ७,३०० टन आहे. ते सगळं वितळवून चार पायांमधल्या चौकोनात ओतलं, तर थर फक्त सहा सेंटिमीटरचा होतो. हे कुठेतरी वाचलं तेव्हा पटलं नव्हतं, म्हणून हॉटेलवर येऊन कागदावर करून बघितलं: सव्वाशे मीटरची बाजू, लोखंडाची घनता घ्या, सहा सेंटिमीटरच येतात. म्हणजे ३३० मीटरचा मनोरा (हा आकडा वरच्या अँटेनासकट, २०२२ मध्ये नवी बसवल्यानंतरचा) आणि माल एवढाच. बाकी सगळी हवा आणि डोकं. पायांचा तो बाक शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं. तो मुळात वाऱ्याच्या जोराच्या हिशोबातून आलाय.

डोकं कोणाचं, तर निव्वळ आयफेलचं नाही. मूळ कल्पना त्याच्या कंपनीतल्या मॉरिस केश्लँ आणि एमिल नूगिए या दोन इंजिनियरांची, आणि खालच्या कमानींची सजावट स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुविशारदाची. नाव मालकाचं लागलं. धंद्यात असंच असतं. पण धोका मालकानेच पत्करला होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये लेखक-चित्रकारांनी वर्तमानपत्रात निषेधाचं पत्र छापलं, त्यात ऑपेराचं थिएटर बांधणारा गार्निए होता आणि कथाकार मोपासाँही. परवानगी फक्त वीस वर्षांची होती. १९०९ नंतर टॉवर पाडता आला असता, पण तोवर वर बिनतारी संदेशाची अँटेना बसली होती आणि सैन्याला ती हवी होती. त्यामुळे वाचला.

पहिल्या मजल्याच्या खालच्या पट्टीवर बाहेरून सोनेरी अक्षरांत ७२ नावं आहेत, सगळे शास्त्रज्ञ आणि इंजिनियर. कूलाँ, पुआसाँ, कोशी, नाव्हिए. डिप्लोमाला या लोकांनी मला जो त्रास दिला, त्यांची नावं इतक्या उंचावर बघून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. बाई एकही नव्हती. लवचिकतेच्या गणितावर काम केलेली सोफी झेरमँसुद्धा नाही.

आता तुमच्या कामाचं.

जिना दक्षिणेच्या पायातून आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. पुण्याच्या पर्वतीच्या १०३ धरल्या तर साडेसहा पर्वत्या, पण सलग नाहीत, मध्ये टप्पे आहेत आणि साधारण निम्म्यावर पहिला मजला येतो. तिथे बसायला जागा आहे, खायला-प्यायला मिळतं, स्वच्छतागृह आहे, आणि २०१४ पासून काचेची जमीनही. त्या काचेवर माझी बायको उभी राहिली, मी राहिलो नाही. पहिला मजला ऐकायला उंच वाटतो, पण आपला कुतुबमिनार त्याहून पंधरा-सोळा मीटर उंच आहे. खरी उंची जाणवते ती दुसऱ्या मजल्यावर, ११६ मीटरवर. बाबांचं हृदय, बीपी ठीक असेल तर पाऊण तास धरा, घाई करू नका. जिना उघडा, जाळीचा आहे, त्यामुळे उंचीची भीती असेल तर मात्र आधी विचारून घ्या. आणि चढणं सोपं, उतरताना गुडघे बोलतात. धीर द्यायला बाबांना एवढं सांगा, की ३१ मार्च १८८९ ला लिफ्ट तयारच नव्हत्या, तेव्हा खुद्द आयफेल पाहुण्यांना घेऊन जिन्यानेच शेंड्यापर्यंत गेला होता.

आईंना लिफ्टने दुसऱ्या मजल्यापर्यंत. पाय तिरके असल्यामुळे ही लिफ्ट तिरकी चालते, तीही मजा आहे. पूर्व आणि पश्चिम पायांतल्या लिफ्ट मुळात १८९९ च्या आहेत, अर्थात सुधारलेल्या.

शेंडा का नको? वर २७६ मीटरवर जागा चिंचोळी, रांग वेगळी, आणि जोराचा वारा असेल तर बंद. तिकीट दुसऱ्या मजल्याच्या दीडपट. व्हीलचेअरला तिथे परवानगीच नाही. वर आयफेलची छोटी खोली आहे, त्यात आयफेल आणि एडिसनचे मेणाचे पुतळे बसवलेत, ते काचेतून बघायचे. एवढ्यासाठी हिरमुसू नका.

लिफ्टची तिकिटं टॉवरच्या अधिकृत साइटवर साधारण दोन महिने आधी खुली होतात, जिन्याची साधारण दोन आठवडे आधी. त्यामुळे आज “संपली” दिसतंय म्हणून मधल्या एजंटाला दुप्पट पैसे देऊ नका. जिन्याचं तिकीट तिथल्या खिडकीवरही मिळतं, आणि सगळ्यात स्वस्त तेच. टॉवरखालच्या बागेत तर फुकट जाता येतं, फक्त सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. दोन बाजूंना तीन मीटर उंच काचेची भिंत आहे. तपासणीत काचेची बाटली, सुरी, कात्री काढून घेतात आणि सामान ठेवायला जागा नाही. आमच्या मेहुण्यांच्या खिशात अडकित्ता होता. तो काय आहे हे त्या रक्षकाला समजावताना मेहुण्यांनी सुपारी कातरून दाखवायची तयारी केली, तिथेच सगळं बिघडलं. अडकित्ता पॅरिसला राहिला.

टॉवरसमोरच्या येना पुलावर तीन वाट्या आणि एक गोळी घेऊन खेळ मांडून बसलेले दिसतील. आजूबाजूला जिंकणारे त्यांचेच. थांबू नका, पाकीट पुढच्या खिशात.

वेळ सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधीची घ्या. सप्टेंबरात तिथे आठच्या आसपास अंधार पडायला लागतो. दिव्यांची चमचम (वीस हजार बल्ब, दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं) टॉवरवर उभं राहून बघण्यात मजा नाही, त्यासाठी खाली यायचं. नदीपलीकडे त्रोकादेरोच्या ओट्यावर सगळं जग जमतं. त्यापेक्षा आमची लेक आम्हाला सहा नंबरच्या मेट्रोने घेऊन गेली. बीर-हाकेम ते पासी हे एकच स्टेशनाचं अंतर, मेट्रो पुलावरून सीन नदी ओलांडते आणि खिडकीत पूर्ण टॉवर येतो. नेमका तेव्हाच तो चमकायला लागला. डब्यातल्या रोजच्या प्रवाशांपैकी कोणी मान वर केली नाही. आम्ही मात्र उतरलो, समोरून परतीची गाडी पकडली आणि पुन्हा बघितला.

तिकिटं काढताना आईंच्या लिफ्टची वेळ बाबांच्या जिन्यापेक्षा तासभर उशिराची घ्या आणि दुसऱ्या मजल्यावर भेटायचं ठरवा. तुम्ही बाबांबरोबर चढा, आईंसोबत दुसरं कोणी असेल तर. नसेल तर तुम्ही लिफ्टने जा, बाबांना एकटं सोडा. उशिरा पोचले तर फोन करत बसू नका, ते कुठल्यातरी टप्प्यावर रिव्हेट बघत उभे असतील.