वर्गातलं 'पानी': नव्या शिक्षकांसाठी

पहिलीच नेमणूक विदर्भात असेल तर एक गोष्ट आधीच ठरवा: मूल बोलत असताना मध्येच उच्चार सुधारायचा नाही. 'सर, मले पानी पाह्यजे' म्हणणाऱ्याला आधी पाणी प्यायला पाठवा. तिथल्या तिथे 'पानी नाही, पाणी म्हण' केलंत की वर्ग हसतो आणि ते पोर पुन्हा हात वर करत नाही. न-ण वरून माणसाची जात जोखायची खोड आपल्याकडे जुनी. तुमच्या टोकण्याने तिला वर्गात मान्यता मिळते.

प्रमाण रूप शिकवायचंच, पण वहीत. फळ्यावर दोन रकाने आखा, घरचं आणि पुस्तकातलं: डोया–डोळा, केयी–केळी, मले–मला. पाच-सहा जोड्या पुरेत, त्याही मुलांनीच सांगायच्या. 'ळ'चा 'य' कुठे होतो हे ती आपणच हुडकतात. डाव्या रकान्यावर फुली मात्र मारू नका, तिथेच सगळं फिसकटतं. साहित्य महामंडळाचे १८ नियमसुद्धा लेखनाचे आहेत, बोलण्याचे नाहीत. 'शुद्ध बोला'वाल्या सहकाऱ्यांना हे खुशाल ऐकवा.

तोंडी परीक्षेत गुण आशयाला द्या. आणि 'गावंढळ' हा शब्द शिक्षकखोलीतही नको. मुलं वह्या घेऊन दाराशीच उभी असतात.