धंदा बुडतोय, मी जिद्दीत कमी पडलो का?

रावेर तालुक्यातला एक पस्तिशीचा माणूस समुपदेशनाला आला. केळी वेफर्सचा छोटा कारखाना, दोन कढया, सहा कामगार, डोक्यावर बँकेचं आणि हातउसनं कर्ज. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याचा प्रश्न असा: “भवरलालभाऊंनी (जळगावच्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन) सात हजारांत सुरुवात करून एवढं उभं केलं. माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट भांडवल होतं, तरी मी बुडालो. मी जिद्दीत कमी पडलो ना?” खान्देशात हा प्रश्न वारंवार कानावर येतो. दाळमिल असो, चटईचा कारखाना असो की ठिबकचं दुकान, धंदा अडचणीत आला की माणूस स्वतःच्या हिमतीलाच बोल लावतो.

जिद्दीचं बोलणं बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. पहिली थेट विचारायची: “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. याने होकार दिला. मग त्याच दिवशी दोन कामं झाली. शेतातल्या खोलीतल्या फवारणीच्या औषधांना मोठ्या भावाने कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये गेला. दुसरी गोष्ट झोपेची. तो पहाटे तीनला जागा होऊन फोनवर पैसे मागणाऱ्या देणेकऱ्यांचे मेसेज वाचत बसायचा. त्यामुळे फोन रात्री दुसऱ्या खोलीत आणि उठायची वेळ रोज एकच, एवढंच सांगितलं. झोप पूर्ण न झालेला माणूस कर्जाची यादी करायला बसला की पहिल्याच ओळीला उठून जातो.

पुढच्या भेटीत एक किलो वेफर्सचा हिशेब मांडला. एका किलोला सालासकट साधारण चार किलो कच्ची केळी लागतात. केळी बारा रुपये असताना त्याचे 48 रुपये, मुरलेलं तेल 300 ग्रॅम म्हणजे 42, जळण 12, मजुरी 18, मीठ-मसाला-पिशवी 14, वाहतूक 6. एकूण 140. विकायचा 150 ला. पण केळी वीस रुपयांवर गेली तेव्हा नुसत्या केळीचे 80 झाले आणि किलोमागे खर्च 172. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्याने भाव 150 च ठेवला. म्हणजे किलोला 22 रुपये तोटा, त्यात भाडं आणि बँकेचा हप्ता धरलेलाच नाही.

इथेच त्याच्या जिद्दीने घात केला. तोटा भरून काढायला त्याने उत्पादन रोजच्या 120 किलोंवरून 200 किलोंवर नेलं. रोजचा तोटा 2,640 वरून 4,400 रुपयांवर गेला. रात्रपाळी केली, स्वतः कढईपुढे उभा राहिला, आणि जितका राबला तितका खाली गेला. कष्टात तसूभर कमी नव्हता तो. कागद पाहून तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले. स्वतःच्या लायकीचा म्हणून छातीवर घेतलेला प्रश्न किलोमागच्या 22 रुपयांचा निघाला की माणसाला पुन्हा विचार करता येतो.

मग भवरलाल जैनांकडे वळलो, कारण ते त्याच्या मनात घट्ट बसलेले होते. जामनेर तालुक्यातल्या वाकोदला 1937 साली जन्म, घरच्या सात हजारांवर रॉकेलचा धंदा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 1978 साली केळीची पावडर करणारा जुना कारखाना घेऊन त्यांनी तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढायला सुरुवात केली, म्हणजे जुन्याच कारखान्यात माल बदलला, हे कमी सांगितलं जातं. 1990 च्या दशकात वित्त, माहिती तंत्रज्ञान अशा क्षेत्रांत पसरल्यावर कंपनीला मोठा फटका बसला. तेव्हा त्यांनी ते धंदे सोडले आणि शेतीशी जोडलेल्या कामावर परतले. या सोडण्यालाही तेवढंच धैर्य लागलं असणार. ऐकणाऱ्याला मात्र फक्त चिकटून राहिल्याची गोष्ट सांगितली जाते, आणि तो चुकीच्या जागी चिकटून बसतो.

कर्जाच्या यादीला पाच रकाने: कोणाचं, मुद्दल, व्याज, तारण काय, पुढची तारीख. बँकेकडे आधी जायचं, कारण हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं आणि मग बोलणी अवघड होतात. त्याआधी किलोमागच्या हिशेबासह हप्त्यांची फेरमांडणी मागणारा लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, 2014 नुसार तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. याचे काही पैसे परगावच्या व्यापाऱ्याकडेही अडकले होते. माल देण्याआधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि थकल्यास लघुउद्योगांच्या अडकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. याची नोंदणी होती, तरी बिलं साध्या चिठ्ठीवर दिलेली होती. आधी ती नीट करावी लागली.

देणेकऱ्यांच्या फोनसाठी रोज अकरा ते बारा ही वेळ ठरवली आणि वाक्यही ठरवलं: “भाऊ, आज देऊ शकत नाही. पंधरा तारखेला पाच हजार देतो, त्याहून जास्त कबूल करत नाही.” फोन कट करणारा माणूस पळपुटा ठरतो, आणि दबावाखाली “परवा नक्की” म्हणणारा खोटा ठरतो. बाजारात दुसरं पहिल्याहून महाग पडतं.

सगळ्यात अवघड होतं बायकोला सांगणं. तिचा सोन्याचा हार गहाण पडल्याचं तिला ठाऊक नव्हतं. दिवसा, मुलं शाळेत असताना, कागद समोर ठेवून सांगायचं, रात्री अंथरुणात नाही, असं ठरलं. ती म्हणाली, “हाराचं माहीत नव्हतं, पण तुम्ही जेवत नाही हे दिसत होतं ना.” वडील मात्र “लोकं काय म्हनतीन” यावरच अडून बसले. पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावलं. त्यांनी यादी वाचली आणि दोन देणेकऱ्यांशी स्वतः बोलायचं कबूल केलं.

कारखाना लगेच बंद केला नाही. मर्यादा आधी कागदावर लिहिली: दसऱ्यापर्यंत किलोमागे निदान पाच रुपये सुटले नाहीत तर कढया विकायच्या आणि नवं कर्ज एक रुपयाही काढायचं नाही. अशी मर्यादा डोकं शांत असताना आणि घरच्या एका माणसासमोर लिहावी. तोट्याच्या दिवशी ठरवायला बसलं की मन “अजून एक महिना” म्हणतं. मग त्याने स्वतःचा माल थांबवून दोन व्यापाऱ्यांना मजुरीवर वेफर्स तळून द्यायला सुरुवात केली. केळी, तेल आणि पिशव्या त्यांच्या, किलोमागे 38 रुपये याचे. मजुरी आणि जळणाचे 30 जाऊन आठ उरतात. केळीचा भाव चढला तर त्याची झळ आता ज्याची केळी त्याला. एक कढई विकली, चार कामगार राहिले. हार अजून सुटलेला नाही. त्याच्या परवाना नसलेल्या सावकाराविरुद्धची तक्रार दाखल झाली आहे, निकाल लागायचा आहे. बँकेने हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. तो महिन्यातून एकदा येतो, येताना किलोमागच्या हिशेबाची वही आणतो, आणि केळीचा भाव बदलला की पहिली ओळ त्याच दिवशी नव्याने मांडतो.