नातवाच्या शौचाच्या स्वॅबमध्ये रेझिस्टंट क्लेबसिएला (नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू) आला, तरी इंदूरचे डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत?

ताई, रिपोर्ट वाचून पोटात गोळा आला असेल. पण तुम्हीच लिहिलंय, रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आहे, म्हणजे रक्तात जंतू सापडला नाही, आणि बाळ दूध पचवतंय. यावरून जंतू आतड्यात नुसता वस्तीला आहे, आजार करत नाहीये. अशा वेळी अँटिबायोटिक दिलं तर चांगले जंतू मरतात आणि नेमका हाच हट्टी फोफावतो. डॉक्टर थांबलेत ते मला योग्यच वाटतं.

तुम्ही हात जपा. बाळाला शिवण्याआधी आणि लंगोट बदलल्यावर कोपरापर्यंत धुवा. सुनेच्या हिरव्या बांगड्याही काढून ठेवा, घरातली मोठी माणसं रागावली तरी. तिचं दूध थेंबभर का होईना, चालू ठेवा.

बाळ सुस्तावलं, दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा पोट फुगलं, तर त्याच मिनिटाला नर्सला सांगा. हा रिपोर्ट फाइलमध्ये जपा. पुढे औषध निवडताना डॉक्टरांना लागेल.