वाचकांचे प्रश्न : टेलिकॉममधलं आर्किटेक्टचं काम

प्रश्न : मी पिंपरीत राहतो. सहा वर्षं एका परदेशी मोबाईल ऑपरेटरच्या बिलिंग प्रोजेक्टवर जावा डेव्हलपर आहे. आता मॅनेजर म्हणतायत सोल्युशन आर्किटेक्ट (अख्ख्या सिस्टिमची रचना ठरवणारा) हो. टीममधले मित्र म्हणतात आर्किटेक्ट झालास की कोडिंग सुटतं, नुसत्या पीपीटी करत बसायचं आणि लेऑफ आला की पहिला नंबर तुझाच. शिवाय टेलिकॉम आता संपत आलंय असंही ऐकतो. काय करू? आणि सर्टिफिकेशन कुठलं करू?

उत्तर : रोल घ्या. पण घेताना मॅनेजरकडून एक गोष्ट कबूल करून घ्या, की डिझाइन डॉक्युमेंटवर सह्या झाल्या की लगेच पुढच्या प्रपोजलवर तुम्हाला उचलणार नाहीत. जे डिझाइन केलं ते लाइव्ह होऊन पहिलं बिल रन (सगळ्या ग्राहकांची बिलं एकदम काढणं) नीट पार पडेपर्यंत तुम्ही त्याच प्रोजेक्टवर राहणार. मित्र म्हणतायत ते पीपीटीवाले आर्किटेक्ट असतात, मी पाहिलेत, आणि ते बहुतेक वेळा असेच तयार होतात, स्वतःच्या डिझाइनचं पुढे काय झालं हे त्यांना कधी बघायलाच मिळत नाही.

आता काम नेमकं काय असतं ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो. जानेवारी २०२२ मधे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने प्रीपेडमधे किमान एक प्लॅन ३० दिवसांचा द्यायचा आणि किमान एक असा द्यायचा जो दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होईल. लोक २८ दिवसांच्या प्लॅनला वैतागले होते (वर्षाला १३ रिचार्ज पडतात ना) म्हणून हे आलं. मुदत ६० दिवसांची. पेपरात वाचलं की वाटतं, यात काय, एक नवीन प्लॅन टाकायचा. पण आर्किटेक्टच्या टेबलवर हे आलं की प्रश्न सुरू होतात. कॅटलॉगमधे (सगळ्या प्लॅनची यादी ठेवणारी सिस्टिम) व्हॅलिडिटी हे फील्ड 'इतके दिवस' असं साध्या आकड्यात असेल तर 'त्याच तारखेला' हे त्यात बसवणार कसं? ३१ जानेवारीला रिचार्ज केलं तर फेब्रुवारीत काय? आदेशात याचं उत्तर आहे, ती तारीख महिन्यात नसेल तर महिन्याची शेवटची तारीख धरायची. ठीक, म्हणजे २८ फेब्रुवारी. मग मार्चमधे ३१ ला परत जायचं की २८ लाच चिकटून राहायचं? सिस्टिम फक्त मागची एक्स्पायरी बघून पुढची काढत असेल तर ती २८ लाच अडकणार, म्हणून मूळ तारीख वेगळी साठवून ठेवावी लागते. आणि ती कुठे साठवायची, चार्जिंगमधे (बॅलन्स आणि वापराचा हिशोब ठेवणारी सिस्टिम) की सीआरएममधे (ग्राहकांची माहिती ठेवणारी), कारण दोन्हीकडे ठेवली की सहा महिन्यांनी दोन्हीकडे वेगळी सापडते. मग रोज दीड जीबीवाल्या प्लॅनचा एकूण डेटा महिन्यागणिक बदलणार तो ॲपमधे दाखवायचा कसा, ग्राहकाने मुदतीच्या आधीच रिचार्ज मारलं तर प्लॅन रांगेत लावायचा तेव्हा तारीख कुठली धरायची, एक्स्पायरीच्या आधीचा एसएमएस जे जुनं शेड्युल पाठवतं त्याला हा नवा प्रकार कळतो का. दुकानदाराच्या रिचार्ज ॲपमधे '२८ दिवस' हे स्क्रीनवर हार्डकोड केलेलं, म्हणजे थेट कोडमधेच लिहून टाकलेलं, निघतं, ते वेगळंच.

हे सगळे प्रश्न पहिल्याच मीटिंगमधे विचारणं, प्रॉडक्टवाल्यांकडून आणि रेग्युलेटरीवाल्यांकडून त्यांची लेखी उत्तरं घेणं आणि कुठल्या सिस्टिमने काय करायचं हे ठरवणं, हेच तुमचं काम. आकृतीतले डब्बे आणि बाण काढणं त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला डेव्हलपर म्हणून ओळखीची असेल, ऑर्डर फॉलआउट, म्हणजे ऑर्डर मधेच अडकणं. नवीन सिमची एक ऑर्डर सीआरएममधून निघते, ऑर्डर मॅनेजमेंट तिचे तुकडे करतं, एक तुकडा एचएसएसकडे (नेटवर्कमधली सिमची नोंदवही), एक चार्जिंगकडे, एक नंबर इन्व्हेंटरीकडे, एक बिलिंगकडे जातो. एचएसएसने हो म्हटलं आणि चार्जिंगचा कॉल टाइमआउट झाला (वेळेत उत्तरच आलं नाही) तर सिम नेटवर्कवर दिसतं पण डेटा चालत नाही, आणि ग्राहक कंपनीच्या दुकानात येऊन उभा. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं धरून सरळ रिट्राय मारला, म्हणजे तोच कॉल परत केला, आणि चार्जिंगने पहिल्या वेळेलाच खातं उघडलेलं असलं, तर 'आधीच अस्तित्वात आहे' अशी एरर येऊन ऑर्डर कायमची अडकते. सगळं सुरळीत झालं तर काय होतं हे कोणीही काढून देईल हो, डिझाइनमधे बघायचं ते हेच, प्रत्येक पायरी अर्धवट राहिली तर पुढे काय. कोड लिहिलेला माणूस हे पटकन पकडतो, म्हणून तुमची सहा वर्षं वाया जात नाहीयेत, उलट त्याच्याच जोरावर तुम्ही हे काम कराल. छोटे प्रोटोटाइप स्वतः लिहीत राहा, टीमच्या लॉगमधे अधूनमधून स्वतः डोकावा. कोडिंग सुटतं ते सोडणाऱ्याचं.

टेलिकॉम संपत चाललंय यात तथ्य नाही. भारतात ऑपरेटर कमी झाले हे खरं, २०१८ मधे व्होडाफोन-आयडिया एक झाले, आता मोठे खासगी तीनच आणि सोबत बीएसएनएल. पण दोन कंपन्या एक झाल्या की दोन बिलिंग, दोन सीआरएम, दोन कॅटलॉग एकत्र करायचं काम उभं राहतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. आणि पुण्यातलं बरंचसं टेलिकॉमचं काम बाहेरच्या देशांतल्या ऑपरेटरसाठीच चालतं, अ‍ॅमडॉक्सचं इथलं मोठं सेंटर घ्या किंवा टेक महिंद्रा घ्या, जी मुळात १९८६ मधे ब्रिटिश टेलिकॉमबरोबरच्या भागीदारीतून उभी राहिली. लेऑफची भीती मी खोटी म्हणणार नाही, पण ज्याला ऑर्डरपासून बिलापर्यंतची पूर्ण साखळी माहितीये त्याला या शहरात दार उघडं असतं.

सर्टिफिकेशनचं म्हणाल तर क्लाउडचं एखादं करा, कारण नवीन सगळं कुबरनेटिसवर (क्लाउडवर सॉफ्टवेअर चालवायची सिस्टिम) चाललंय. टीएम फोरमचे (टेलिकॉम कंपन्यांची संघटना) कोर्स कंपनी पैसे भरत असेल तरच, स्वतःच्या खिशातून नको. त्यांचे ओपन एपीआय, म्हणजे सिस्टिमनी एकमेकींशी कसं बोलायचं याचे नमुने, फुकट वाचता येतात, ६२० कॅटलॉगचा, ६२२ प्रॉडक्ट ऑर्डरचा, ६४१ सर्व्हिस ऑर्डरचा, हे तीन आधी नीट वाचा.

प्रश्न : मी नाशिकची. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमचं इंजिनिअरिंग) करून इन्शुरन्स प्रोजेक्टमधे टेस्टिंग करते. टेलिकॉममधे जायचंय, पुढे आर्किटेक्ट व्हायचंय. पण अनुभव नाही म्हणून कोणी घेत नाही आणि घेतल्याशिवाय अनुभव कसा मिळणार?

उत्तर : तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना, मग नेटवर्क घरीच उभं करा. ओपन५जीएस नावाचं ओपन सोर्स ५जी कोअर (नेटवर्कचा मधला मेंदू) लिनक्सवर चालतं, आणि युईरॅनसिम हे खोटा मोबाईल आणि खोटा टॉवर दोन्ही बनून त्याला जोडलं जातं. सिम, टॉवर, लायसन्स काही लागत नाही. वेबच्या स्क्रीनवरून एक सबस्क्रायबर टाका आणि मोबाईल रजिस्टर झालेला बघा. मग मुद्दाम त्याच्या सिक्रेट कीमधला एक आकडा बदला आणि वायरशार्क (नेटवर्कवरचे मेसेज दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघा, मोबाईलच नेटवर्कला नाकारतो, ऑथेंटिकेशन फेल्युअर, कारण मॅक फेल्युअर, म्हणजे नेटवर्कने पाठवलेला ओळखीचा कोड जुळला नाही. तुम्ही टेस्टर आहात, हे मोडून बघण्याचं काम तुमच्याइतकं कोण करणार! थ्रीजीपीपीचे (मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) स्पेसिफिकेशन फुकट डाउनलोड होतात, २३.५०१ मधे ५जीची सगळी रचना आहे. तो अख्खा वाचायला बसू नका, वायरशार्कमधे जे दिसेल तेवढंच त्यात शोधा. हे करून इंटरव्ह्यूला गेलात तर बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. आणि अर्ज टाकताना आधी बिलिंग नाहीतर चार्जिंगच्या टेस्टिंगचे रोल बघा, इन्शुरन्समधे प्रीमियमचे हिशोब तपासलेत ते तिथे थेट कामाला येतात.

प्रश्न : आमचा मुलगा टेलिकॉममधे आर्किटेक्ट आहे. साताऱ्याला सुट्टीला आला तरी शनिवारी रात्रभर लॅपटॉपवर असतो. विचारलं की कटओव्हर आहे म्हणतो. हे असंच असतं का हो? तब्येतीची काळजी वाटते.

उत्तर : काकू, कटओव्हर म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नवीनवर ग्राहक हलवणं. ते रात्रीच करतात, कारण तेव्हा फोन आणि रिचार्ज सगळ्यात कमी होतात आणि काही बिघडलं तर पहाटेच्या आत मागे फिरता येतं. त्यामुळे तो म्हणतोय ते खरं आहे, आणि ज्याने डिझाइन केलं त्याने त्या रात्री हजर असणं मला योग्यच वाटतं. पण दर शनिवारी असं होत असेल तर ते योग्य नाही. मोठ्या कटओव्हरला पाळ्या लावतात, एक माणूस जागतो, दुसरा सकाळी सगळं हातात घेतो. त्याला एवढंच विचारा, की सकाळी तुझ्या जागी कोण बसतं. कोणीच नाही असं म्हणाला तर मॅनेजरकडे दुसरा माणूस आणि सोमवारची भरपाई सुट्टी दोन्ही मागायला सांगा, हे मागण्यात काही गैर नाही. आणि रविवारी त्याला दुपारपर्यंत झोपू द्या, पाहुणे आले तरी उठवू नका.