तिच्या हातात किती ठेवायचे?

‘मॅडम, बाकीचं राहू द्या, तेवढा आकडा सांगा.’

हे वाक्य मी मुलुंड, भांडुप, घाटकोपर भागातल्या कितीतरी नोकरदार आयांकडून ऐकलं आहे. पाळणाघर संध्याकाळी बंद होतं आणि आईची लोकल त्यानंतर तास-दीड तासाने पोचते. मधल्या वेळात बिल्डिंगमधली एखादी अकरावी-बारावीतली मुलगी लेकराला आणते, खायला देते, आई येईपर्यंत त्याच्याशी खेळते. सगळं छान चाललेलं असतं. अडतं ते पैशांपाशी. द्यायचे की नाही, दिले तर किती, आणि कुणाच्या हातात?

एवढ्याशा कारणासाठी कुणी समुपदेशकाकडे येत नाही हे खरंच. येतात झोप नाही म्हणून, सतत चिडचिड होते म्हणून. बोलता बोलता हा विषय निघतो आणि आवाज बदलतो. तो बदलला की मी वही बाजूला ठेवते.

गौरीचंही (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तेच झालं. नोकरी बीकेसीत. तिथून शेअर रिक्षाने कुर्ला, पुढे स्लो लोकलने मुलुंड. मुलगा पाच वर्षांचा. पाचव्या मजल्यावरची सोळा वर्षांची मुलगी, तिला आपण सई म्हणू, त्याला साडेसहाला पाळणाघरातून आणायची आणि साडेआठपर्यंत सांभाळायची. सुरुवात ‘आजच्या दिवस बघशील का गं?’ अशी झाली होती. पुढे ते रोजचंच झालं. पैशांचं बोलणं मात्र पहिल्या दिवशीच्याच पातळीवर राहिलं.

‘मी काही देत नाही असं नाही हं,’ गौरी घाईने म्हणाली. ‘दिवाळीला पाचशे एक पाकिटात घालून दिले. वाढदिवसाला कुर्ता घेतला. कधी दोनशेची नोट देते, अधूनमधून डेअरी मिल्क असतंच. पण हल्ली ती आठवड्यातून दोनदा तरी सांगते, ताई, आज क्लास आहे. क्लास नसतो, मला माहीत आहे.’

‘तिला विचारलंत, किती हवेत?’

‘तिच्या आईला विचारलं. वहिनी म्हणाल्या, अहो पैसे कसले, घरचीच आहे ती.’

‘सईला विचारलंत का?’

‘तिला कसं विचारणार? लहान आहे ती.’

तुमचं पाच वर्षांचं मूल ज्या मुलीच्या भरवशावर दोन तास असतं, ती आकडा सांगण्याइतकी मात्र मोठी नसते. असं मी मनात म्हणते, तोंडावर नाही. तोंडावर म्हटलं की समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि तासभर त्यातच जातो.

घरात याबद्दल तीन मतं होती. नवरा म्हणे, आपल्याच बिल्डिंगमधली मुलगी, पैसे देऊन तिला कामवाली करायचं का? साताऱ्याच्या सासूबाई फोनवर म्हणत, शेजारधर्म नावाची काही गोष्ट असते की नाही. गौरीला वाटे, द्यायला हवेत. पण हात खिशाकडे गेला की अडखळे. मला रस होता तो या अडखळण्यात. ती कंजूष नव्हती. ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या पोऱ्याला ती सहज शंभर रुपये देई. मग इथेच काय होत होतं?

एकदा मी तिला म्हटलं, ‘सई साडेसहाला मुलाला घेऊन घरात येते, तिथपासून ती काय काय करते, ते सांगा.’

गौरी सांगू लागली. बूट काढायला लावते. हातपाय धुवून देते. दूध गरम करते; त्यावर साय आली तर तो पीत नाही, म्हणून गाळून देते. तो रडायला लागला की गॅलरीत नेऊन रेल्वेलाइन दाखवते. होमवर्क करून घेते. बोलता बोलता गौरी थांबली आणि म्हणाली, ‘मीही गाळूनच द्यायचे.’

‘कुणाला?’

‘धाकट्या भावाला. लालबागला आमची चाळ होती. आई डबे करायची, मी सातवीत असेन. भाऊ, शिवाय शेजारच्या काकूंची दोन पोरं. सगळी माझ्याकडेच.’

‘मग तुम्हाला काय मिळायचं?’

‘मला?’ ती हसली. ‘मला कोण देणार? काकू म्हणायच्या, गुणाची पोर ती.’

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि आता ते मला बऱ्यापैकी जमतं. बराच वेळ गेला. मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘सगळी पोरं खाली लगोरी खेळायची. मी वरून बघायचे, कडेवर काकूंचा बंटी. मॅडम, मला वाटतं मला सईचा राग येतो. ती पैसे मागू शकते याचा.’ लगेच म्हणाली, ‘तिने तर मागितलेही नाहीत!’

इथे गाठ सुटली. किती द्यायचे हे तिला ठरवता येत नव्हतं, कारण दरवेळी ती आपल्या जुन्या, कुणीच न फेडलेल्या येण्याशी त्याचा हिशेब लावत होती. आपल्याला मिळालं तेच ती सईला देत होती: कौतुक आणि खाऊ. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले मनोचिकित्सक इव्हान बोझोर्मेनी-नाज यांनी कुटुंबातल्या अशा न लिहिलेल्या खातेवहीबद्दल खूप मांडून ठेवलं आहे. एका पिढीकडून येणं राहिलेलं आपण नकळत दुसऱ्याच कुणाकडून वसूल करतो. मी त्या विचाराची आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेलच. माझ्या मैत्रिणी चेष्टा करतात की, माझ्याकडे दुधाचा हिशेब घेऊन आलेल्यालाही मी आजीबद्दल विचारते. विचारते खरी. निघतंही तिथूनच.

काकूंवर चिडून आता उपयोग नव्हता, त्यांचंही काही चुकलं होतं असं नाही. पण तेरा वर्षांच्या गौरीने केलं ते काम होतं, एवढं गौरीने स्वतः मोठ्याने म्हणावं असं मला वाटत होतं. ते ती म्हणाली. त्यानंतर आकड्याला फारसा वेळ लागला नाही.

आता तो आकडा, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत असणार. अशा कामाचा मुंबईत ठरलेला दर नाही, म्हणून आपल्याच घरातले आकडे कागदावर मांडायचे. गौरीच्या पाळणाघराची फी ५,५०० रुपये, महिन्याचे २२ दिवस, रोज पाच तास. म्हणजे तासाला ५० रुपये. पण तिथे एक बाई आठ-दहा मुलं बघते, सई एकट्या याला बघते, म्हणून ५० हा तळ. मुलाला शिकवायला येणाऱ्या बाई तासाला २५० घेतात. त्या शिकलेल्या, अनुभवी, म्हणून ते छत. शंभर म्हटल्यावर नवऱ्याने हरकत घेतली, ‘महिन्याला चार हजारांवर जातील! भांड्यांच्या मावशींना आपण दोन हजार देतो.’ मी त्यालाच हिशेब करायला लावला. मावशी रोज पाऊण तास असतात, म्हणजे तासाला नव्वदच्या घरात. त्याने मोबाइलवर पुन्हा करून पाहिला आणि फोन खिशात टाकला. ठरले तासाला १०० रुपये, आठवड्याचे दहा तास, दर शनिवारी १,००० रुपये. तुमच्या घरात हा आकडा ७० येईल किंवा १५० येईल. दोन मुलं असतील, भरवणं-अंघोळ असेल, रात्री उशीर होत असेल तर वर जायला हवा. बाळ झोपलेलं असून नुसतं बसायचं असेल तर थोडा खाली आला तरी चालेल.

थोडेसे देऊन वेळ मारून नेऊ नका, असं मी का म्हणते? उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकीनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्रायलमधली शाळकरी मुलं दारोदार देणगी गोळा करणार होती. काहींना फक्त कामाचं महत्त्व सांगितलं, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला कबूल केला, काहींना दहा टक्के. सगळ्यात कमी देणगी आणली एक टक्कावाल्यांनी. सगळ्यात जास्त, काहीच न मिळणाऱ्यांनी. म्हणजे फुकट करून घेणंच चांगलं का? एका दिवसाच्या सत्कार्यासाठी असेल. वर्षभर रोज संध्याकाळी दोन तास हे सत्कार्य नाही. मधूनच मिळणारी दोनशेची नोट मात्र त्या एक टक्क्यासारखीच आहे. तिने प्रेमही पुसलं जातं आणि कामाचा मानही मिळत नाही.

बोलणी सईशीच झाली. तिचे आईवडील समोर होते, कारण त्यांची संमती आधी हवीच. गौरीने विचारलं, ‘शंभर ठीक आहे का?’ सईने आईकडे पाहिलं नाही. म्हणाली, ‘ताई, चालेल. पण मंगळवार-शुक्रवार मला खरंच क्लास लावायचाय, त्या दिवशी सातला येईन. आणि बारावीच्या वर्षी जानेवारीपासून नाही जमणार.’ एवढं सगळं त्या मुलीच्या मनात तयार होतं. वहिनी म्हणाल्या, माझ्या नंबरवर पाठवा. इथे गौरी ठाम राहिली, याचा मला मनापासून आनंद झाला. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येईल अशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली आहे. सईचं खातं होतं, पैसे तिथेच जाऊ लागले.

वयाबद्दल मात्र मी सौम्य नाही. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. ‘सातवीतली आहे पण समजूतदार आहे’ असं सांगणाऱ्या आईला मी स्पष्ट नको म्हणते. आणि गावाकडून मुलगी आणून घरात ठेवायची, ‘शिकवू तिला, बाळालाही बघेल’ हा तर विषयच वेगळा. त्याला मी बेबीसिटिंग म्हणणार नाही.

उशिराचं काय, हे गौरीने शेवटी विचारलं. लोकल कुणाच्या हातात नसते. दंड ठेवू का, म्हणाली. मी नको म्हटलं. ग्नीझी आणि रुस्टिकीनी यांनीच इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत पाहिलं होतं की मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर वाढला. दंड भरला की संकोच संपतो, आणि दंड काढून घेतल्यावरही उशीर कमी झाला नाही. म्हणून जास्तीच्या अर्ध्या तासाचे ५० रुपये द्यायचे, ते कामाचे. आणि फोन करून ‘उशीर होतोय गं, चालेल ना?’ हे विचारायचंच, ते पैशात धरायचं नाही.

जुलैत एकदा रुळांवर पाणी साचलं आणि गौरी घरी पोचेपर्यंत साडेदहा वाजले. सईला दोन तासांचे वेगळे दोनशे मिळाले. मुलाला त्या रात्री वहिनींनी वर नेऊन वरणभात भरवला होता. त्याचे पैसे गौरीने विचारलेसुद्धा नाहीत. गणपतीत उकडीचे एकवीस मोदक पाचव्या मजल्यावर गेले.

आणि मुलीच्या घरच्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला तर? हेही पुष्कळ जणी विचारतात. दोनदा आग्रह करा. तरी नाहीच म्हणाले तर अडीअडचणीला, महिन्यातून एखाद्या वेळी मुलीला बोलवा आणि रोजच्यासाठी पैसे घेणारं दुसरं कुणीतरी शोधा.